गोदामात वाजलेलं रॉक, आणि वर्धा जिल्ह्यात क्लब चालेल का?

कपाशीचं_बोंड (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या शनिवारी आमच्या देवळी तालुक्यातल्या एका गावात, सोसायटीच्या रिकाम्या गोदामात, चार पोट्ट्यांच्या बँडनं रात्री आठ ते पावणेदहा स्वतःची गाणी वाजवली. गणपती नव्हते, शारदादेवी नव्हती, कोणाची हळद नव्हती, पुढाऱ्याचा वाढदिवसही नव्हता. पन्नास रुपये तिकीट होतं. लोकांनी ते काढलं. एवढ्यासाठीच धागा काढतोय.

बँडचं नाव विचारू नका, अजून ठेवलेलं नाही. पोस्टर म्हणजे झेरॉक्सचा कागद, त्यावर 'आपल्या पोट्ट्यांचा कार्यक्रम' एवढंच. गाणारी पुलगावकडची, नर्सिंग करते. गिटारवाला दिवसा कृषी केंद्रात फवारणीची औषधं विकतो. बेसवाला बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. ड्रमर लग्नाच्या बँडमधला, साइड ड्रमवर हात तयार झालेला.

ड्रमरबद्दल जरा सांगतो, कारण माझं लक्ष बहुतेक त्याच्याकडेच होतं. वरातीत चालत चालत वाजवायची सवय. स्टुलावर बसून पायानं किक, म्हणजे खालचा मोठा ड्रम, मारणं त्याला काही मानवेना. पहिल्या दोन गाण्यांत तो सारखा अर्धवट उठत होता. तिसऱ्यात त्यानं स्टूल सरळ मागे ढकललं, स्नेअरचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या ड्रमचा, स्टँड वर ओढला आणि उभ्यानंच सुरू झाला. किक गेली. ते बघून बेसवाल्यानं खालचा ठोका आपल्याकडे घेतला, एक शब्द न बोलता. गाणं हलकं झालं आणि पळायला लागलं. तालीम करून हे बसवता आलं नसतं असं माझं मत.

गाणी सगळी वऱ्हाडीत. एक बोंडअळीवर आहे, २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं जे केलं त्यावर, पण रडकं नाही, चिडकं आहे. एक एस्टीवर. त्याची ओळ सगळ्यांना लगेच पाठ झाली : 'सहाची गाडी सातले येते, सातची येतच नाही.' आणि एक रात्रीच्या लाईनवर. त्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज, म्हणजे शेतातल्या मोटरीची वीज, रात्री होती, साडेनऊला येणार होती. मागे उभे असलेले पाच-सात जण बॅटऱ्या घेऊनच आले होते, ओलिताला जायचं म्हणून. पोरांना हे माहीत होतं. बरोबर साडेनऊच्या तोंडावर त्यांनी ते लाईनवालं गाणं काढलं. मागची मंडळी निघाली तशी गाणारी माइकवर म्हणाली, 'काका, मोटर लावून या वापस, दोन गाणे अजून आहेत.' अख्खं गोदाम हसलं. एक काका खरंच आले वापस, चिखलाच्या पायांनी.

आता मुद्द्याचं. हिशेब पोरांनी मला दाखवला, त्यांच्या परवानगीनं टाकतोय. ११२ तिकिटं, म्हणजे ५,६०० रुपये. साउंडचे २,५००, जनरेटर डिझेलसकट १,२००, बिछायत केंद्राच्या गाद्या-सतरंज्या ६००, सोसायटीला ५००. उरले ८००. चौघांत दोनशे-दोनशे. गिटारच्या तारांचा एक चांगला सेटही त्यात येत नाही.

शहरातले छोटे क्लब बारवर चालतात. गाणं वर, गल्ला खाली. आपला जिल्हा दारूबंदीचा. तर हे दर महिन्याला चालवायचं असेल तर पैसा यायचा कुठून? बोला.

तर्रीपोहा

दारूबंदीचा म्हणे! बोंडभाऊ, तुम्ही वर्धा जिल्ह्यातच राह्यता ना बाप्पा?

कपाशीचं_बोंड

@तर्रीपोहा, कागदावर तरी दारूबंदी आहे की नाही? पावती फाडून तर विकता येत नाही ना. मुद्दा तो आहे.

कोथरूडचा_वऱ्हाडी

मस्त लिहिलंय. मी पुण्यात राहतो, गिग बघत असतो, त्यामुळे गणित सांगतो.

क्लबमध्ये दाराशी जे पैसे घेतात ते पुष्कळदा खाण्यापिण्यात वळते होतात. म्हणजे गाणं फुकट आणि ग्लास महाग. बँडला ठरलेली रक्कम किंवा दारावरच्या गल्ल्याचा हिस्सा. बँड चांगला की वाईट, मालकाला त्यात रस कमी. बँडला ऐकायला येणारे लोक पितात किती, हे तो बघतो. म्हणून मंगळवारी-बुधवारी नवख्या पोरांना संधी आणि शनिवारी कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणारे. स्वतःची गाणी वाजवणाऱ्याला शनिवार मिळायला वर्षं जातात.

आणि बार असला की तरलं, असंही नाही. मुंबईचा ब्लू फ्रॉग २००७ मध्ये लोअर परळला गिरणीच्या आवारात सुरू झाला. देशातली उत्तम साउंड, बाहेरदेशचे बँड, बारही जोरात. २०१६ मध्ये तो बंद. न्यूयॉर्कचं सीबीजीबी हे क्लब, जिथून अर्धं पंक रॉक निघालं, १९७३ ते २००६ चाललं आणि शेवटी भाड्याच्या भांडणात गेलं. जागेचं भाडं हा सगळ्यांचा काळ. तुमचं भाडं ५०० रुपये आहे. हे ऐकून पुण्यातला कोणताही क्लबवाला रडेल. तेव्हा बारची चिंता सोडा, तुम्हाला त्याची गरजच नाही.

जाता जाता, सीबीजीबीत बँडनी स्वतःचीच गाणी वाजवायची असा नियम होता. तुमच्या गोदामालाही तोच लावा. एकदा का फर्माईश सुरू झाली की संपलं.

तर्रीपोहा

फर्माईश त झालीच असन. आपल्याकडं कोणी माइकवर उभा राह्यला की दोन मिंटात चिठ्ठी येते, अमकं गाणं होऊन जाऊ द्या, सोबत वीसची नोट.

कपाशीचं_बोंड

आली ना चिठ्ठी. गिटारवाल्यानं नोट खिशात घातली, चिठ्ठी परत दिली आणि म्हणाला, 'हे आम्हाले येत नाही, पण पैशाबद्दल धन्यवाद.'

अक्का_हिंगणघाट

माझी पुतणी गेली होती तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर. दोन दिवस तेच सांगतेय घरी. म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे बार नाही, बार नाही म्हणून उसासे टाकताय, पण त्या गोदामात अर्ध्या बायका होत्या त्या कशामुळे? बाजूला बसल्या, कोणी बसा म्हणालं नव्हतं, आपोआप सतरंजीचा एक भाग बायकांचा झाला. डीजेसमोर आमच्या पोरी जात नाहीत. ऑर्केस्ट्राला तर नावच नको, पुढं नाचणाऱ्यांच्या तोंडाचा वास मागपर्यंत येतो. इथं गेल्या, कारण जवळून दिसत होतं कोण आहे कोण नाही, आणि गाणारीही पोरगी. बार लावा आणि बघा उद्या यातली एक तरी येते का.

माझी तक्रार वेळेची आहे. पावणेदहाला सुटलं, मग पोरींनी जायचं कसं? शेवटची एस्टी तोवर केव्हाच गेली. कोणाच्या तरी चुलत भावाच्या गाडीवर तिघी-तिघी बसून आल्या. सहाला सुरू करा, आठला संपवा.

साउंडवाला_भाऊ

त्या रात्री मिक्सरवर मीच होतो. मले सारे डीजेवाला म्हणतात, म्हणू द्या.

पयली गोष्ट इको. आपल्याकडं भजन असो, सप्ता असो, सरपंचाचं भाषण असो, माइकवर इको लागतेच. नाही लावला त लोक म्हणतात माइक बिघडला काय. ते पोरगी आली आन् म्हणे, भाऊ, इको बंद करा. म्या थोडा कमी केला. म्हणे पुरा बंद. म्या म्हटलं, बाई, टिनाचं गोदाम आहे, इथं इको देवानंच देऊन ठेवला, चाल, मशीनचा काढून टाकतो. काढला, आन् तिचा शब्दन् शब्द मांगच्या भितीपर्यंत गेला. तवापासून काकड आरतीलेही मी इको अर्ध्यावरच ठेवतो. महाराज नाराज आहेत.

दुसरी गोष्ट अर्थिंग. हे नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकते. गिटारच्या तारा आतून अर्थच्या वायरले जोडल्या असतात. माइकची जाळीपण. गिटारचा अँप एका बोर्डावर आन् मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आन् अर्थ नसला, त हात तारेवर आन् ओठ माइकले लागला की झटका बसलाच. सोसायटीच्या बोर्डात तीन भोकं होते, पण तिसऱ्याले मांगून वायरच नव्हती. शोभेचं भोक. मंग गोदामामांगं खड्डा केला, पाइप ठोकला, कोळसा टाकला, खडेमीठ टाकलं, दोन बाल्ट्या पाणी. सारं सामान एकाच लाईनवर, एकाच अर्थवर घेतलं. टेस्टर लावून पाह्यलं, मंगच पोरीले माइक देल्ला.

तरी गिटारमधून हूं हूं येऊनच राह्यलं होतं. थे ५० हर्ट्झचं, त्याच्या सिंगल कॉइल पिकअपमुळं, म्हणजे तारांचा आवाज उचलते त्या चुंबकामुळं. ट्यूबलाइटीपासून दूर आन् जरा तिरपा उभा केला की कमी होये. म्हणून थो सारा कार्यक्रम लोकाइकडं खांदा करून उभा होता. लोकाइले वाटलं स्टाइल आहे.

तिसरी गोष्ट, भितीले लावलेला बारदाना. पोट्ट्याइनं खूप मेहनत करून पोते शिवून लावले. त्यानं वरचा खणखणाट मेला, झांजेचा. पण बेस नाही मरत पोत्यानं. हिशेब सोपा आहे : आवाज सेकंदाले ३४० मीटरच्या आसपास जाते. १०० हर्ट्झच्या बेसची एक लाट ३.४ मीटरची. तिले अडवाले पाव लाट तरी जागा पाहिजे, म्हणजे ८५ सेंटिमीटर. पोतं किती जाड? म्हणून ड्रमच्या मांगं बिछायतवाल्याच्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, दोन-दोन, भितीपासून हातभर पुढं. त्यानं फरक पडला. पुढच्या टायमाले चारही कोपऱ्यात गाद्या पाहिजे. कोपऱ्यातच बेस साचते.

माझे २,५०० जास्त वाटत असन त सांगा. डीजेले मी याच्या चौपट घेतो. हे मले आवडलं म्हणून.

धातूप्रेमी

वाचून छान वाटलं, पण याला रॉक म्हणायचं का? किक ड्रम नाही, डिस्टॉर्शन (गिटारचा फाटका, खरखरीत आवाज) आहे की नाही कळलं नाही, बसून ऐकणारे काका-काकू. हे सुगम संगीत विथ गिटार झालं. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, तिथल्या गर्दीतल्या लोकांना विचारा रॉक म्हणजे काय.

कोथरूडचा_वऱ्हाडी

@धातूप्रेमी, इंडियन ओशनचा असीम चक्रवर्ती मांडी घालून बसून तबला वाजवायचा आणि गायचा. १९९० पासूनचा दिल्लीचा बँड तो. त्यांना रॉकवाल्यांनी कधी बाहेर बसवलं नाही. इथं तर ड्रमर उभा आहे, म्हणजे एक पायरी वरच.

धातूप्रेमी

इंडियन ओशनचं उदाहरण प्रत्येक धाग्यात येतं. मला डिस्टॉर्शनचं उत्तर द्या.

साउंडवाला_भाऊ

होतं ना डिस्टॉर्शन. बोंडअळीच्या गाण्यात पेडल दाबला तवा सोसायटीचा चौकीदार पयत आला, म्हणे काही जळलं काय.

धातूप्रेमी

मग ठीक आहे.

माजी_गुरुजी

नमस्कार. मी कार्यक्रमास उपस्थित होतो. नातवाने आग्रह केला. पहिल्या गाण्यानंतर उठणार होतो, उठलो नाही.

एक-दोन निरीक्षणे. आपल्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी एक खंजिरी हातात घेऊन हजारोंच्या सभा गाण्यावर धरून ठेवल्या. मोझरीचा गुरुकुंज १९३५ चा. महाराजांची भजने ही त्या काळची ताजी, स्वतः रचलेली, गावाच्या प्रश्नांवरची गाणी होती. ग्रामसफाई, दारू, सावकारी, सगळे त्यात. पोळ्याला बैल उभे असताना झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या खणखणीत ओळी, म्हणतात, त्यातही दरवर्षी नवी झडती रचणारा माणूस गावात असतोच. भाव पडले की भावावर, पुढारी फिरकला नाही की पुढाऱ्यावर. तेव्हा स्वतःचे गाणे स्वतः रचून चारचौघांत म्हणणे ही या पोरांनी मुंबईहून आणलेली गोष्ट नव्हे.

तक्रार अशी की शब्द कळत नव्हते. मुलीचे कळत होते, गिटारवाला गायला लागला की नाही. त्याने तोंड उघडून गावे.

कपाशीचं_बोंड

गुरुजी, तोंड उघडण्याचा निरोप पोचवतो. पण खंजिरीशी जोडलंत तिथं थोडा वेगळा विचार आहे माझा. भजनात सगळे मागून म्हणतात, झडतीत तर समोरचा उत्तर देतो. इथं लोक गप्प बसून अनोळखी गाणं शेवटपर्यंत ऐकत होते. आपल्याकडं हे कमी होतं. अनोळखी गाणं मोठ्या मंडपात टिकतच नाही. दोनशे फुटांवरचा माणूस दोन ओळींत ओळखीचं नाही वाटलं की बाजूच्याशी बोलायला लागतो, मग गाणारा घाबरून ओळखीचं काढतो. गोदामात शेवटचा माणूस चाळीस फुटांवर होता. गाणारीच्या कपाळावरचा घाम त्याला दिसत होता. असा माणूस उठून जात नाही, त्याला लाज वाटते. छोटी जागा हवी ती यासाठी, माझ्या मते निम्मं काम जागाच करते. या पोरांना उद्या कोणी तालुक्याच्या महोत्सवात दहा हजार देऊन बोलावलं तरी मी म्हणेन जाऊ नका. पण ते जातील, आणि जावंच लागेल त्यांना, दहा हजार आहेत.

झाडीकडची

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची, म्हणजे वडशाची. तुमचा हा धागा वाचून हसू येतंय, रागावू नका.

गाणं ऐकायला पैसे मोजणारा माणूस कुठं आहे, हे वऱ्हाडातलं दुखणं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात या. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. पार होळीपर्यंत. तिकीट काढून माणसं रात्रभर थंडीत बसतात, शाल-स्वेटर घालून, लेकरं मांडीवर. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. नाटकात गाणी असतात, ती नटच गातात, समोर वाजवणारे बसलेले, सगळं जिवंत. वडशात कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथं येऊन नाटक ठरवतात, कंपनीला ठरलेले पैसे देतात आणि तिकिटावर वसूल करतात. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी.

आता दारूचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. बंदी होती तेव्हाही नाटक होतं, उठली तेव्हाही आहे. नाटकाचा गल्ला बाटलीवर कधीच अवलंबून नव्हता. पैसा येतो पाहुण्यांतून. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, त्यांना रात्री नाटकाला न्यायचं हा मानपान आहे. घरटी आठ-दहा तिकिटं जातात. तुमच्या गोदामात प्रत्येकजण आपलं एकेक तिकीट काढून आला असणार. तेव्हा दर महिन्याला हा हट्ट कशाला? तुमच्याकडं जत्रा असते, यात्रा असते, लेकी पोळ्याला-दिवाळीला येतात. त्या तीन-चार दिवशी लावा आणि तिकीट घरटी काढा.

आणि दोन तासांत आवरता कसे? आमच्याकडं दोन तासांचं नाटक केलं तर लोक पैसे परत मागतील.

कपाशीचं_बोंड

@झाडीकडची ताई, घरटी तिकीट ही गोष्ट डोक्यात आली नव्हती कोणाच्याच. पोरांना आजच सांगतो. रात्रभर मात्र नाही जमणार, पोरांकडं गाणीच अकरा आहेत.

कागदपत्र_पूर्ण

रात्रभर गावातल्या गोदामात नकोच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतो, आणि सणउत्सवाला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. टिनाच्या गोदामाला बंदिस्त सभागृह म्हणायचं की नाही यावर ठाणेदारसाहेबांशी वाद घालण्यापेक्षा पावणेदहाला आवरलं ते उत्तम केलं.

दिवसासुद्धा मोकळीक नाही. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागतेच. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याच्या वर १० किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. ड्रमच्या शेजारी सहज शंभराच्या वर जातो, तेव्हा गोदामाच्या कुंपणाशी मीटर धरून बघा. मोबाइलवरचं अॅप अंदाजाला पुरेल.

तिकिटावर जीएसटीची भीती कोणी घातली असेल तर सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ५,६०० रुपयांत तुम्ही निवांत झोपा. ग्रामपंचायतीची मंजुरी आणि पोलीस ठाण्याची परवानगी मात्र कागदावर घ्या, तोंडी नको. सरपंच बदलला की तोंडी परवानगी पण बदलते.

कोथरूडचा_वऱ्हाडी

एक विचारायचं राहिलं. खायला काय होतं? बोंडनं हिशेबात खाण्याचं काही लिहिलं नाही.

कपाशीचं_बोंड

गावातल्या बचत गटाच्या बायकांनी चहा आणि मिरचीभजे लावले होते बाहेर. ते त्यांचं वेगळं. घाणा एकसारखा चालू होता, पहिल्या गाण्यापासून. खरं तर भज्यांचा वास आत येत होता आणि हळू गाण्यांत चुर्रर्र पण ऐकू येत होतं.

कोथरूडचा_वऱ्हाडी

मग सापडला की तुमचा बार! शंभरावर माणसं, दोन तास, थंडी, भजे. त्या बायकांनी बँडपेक्षा जास्त कमावलं असणार. त्यातला चौथा हिस्सा बँडला ठेवा, झाला क्लब.

अक्का_हिंगणघाट

हिस्सा कशाचा? बेसन त्यांचं, तेल त्यांचं, सिलिंडर त्यांचा, कढईसमोर दोन तास धुरात उभ्या त्या. पोरांनी मिरच्या तरी चिरल्या का? कोथरूडला बसून बायकांच्या भज्यांत वाटा मागू नका.

कोथरूडचा_वऱ्हाडी

अक्का, माघार. पण गर्दी बँडमुळे आली हे तरी मान्य करा.

अक्का_हिंगणघाट

आली ना. आणि गर्दी थांबली ती भज्यांमुळे. उपाशी पोटी पावणेदहापर्यंत कोण बसतं?

तर्रीपोहा

दोन्ही बाजू बरोबर आहेत, असं सरपंचासारखं बोलतो. बचत गटानं हिस्सा देऊ नये, जागेचं भाडं द्यावं. सोसायटीचे ५०० आन् गाद्यांचे ६०० त्याइच्याकडं. भज्यांची जागा फुकट मियते काय कुठं? जत्रेत ठेल्याले पावती फाडाच लागते.

अक्का_हिंगणघाट

हे चालेल. माझ्या ओळखीच्या आहेत त्यातल्या दोघी, मी बोलते. पण मग दुसरा कोणी ठेला लावणार नाही हे लिहून द्यायचं.

कपाशीचं_बोंड

म्हणजे १,१०० खर्चातून गेले. तेवढीच तिकिटं धरली तर चौघांना दोनशेऐवजी पावणेपाचशे. घरटी तिकिटं गेली तर आणखी. साउंडवाल्या भाऊंनी भाव वाढवला नाही तर.

साउंडवाला_भाऊ

नाही वाढवत. पण जनरेटर माह्या ओळखीच्याकडून घ्या. तुम्ही आणला त्याचं व्होल्टेज २६० वर जाऊन राह्यलं होतं, माह्या मिक्सरचं नशीब म्हणून वाचला. मधात स्टॅबिलायझर पाहिजेच. माह्यापाशी जुना आहे, आणतो. दिवसा केला कार्यक्रम त जनरेटरही नाही लागत, सिंगल फेज असतेच, फक्त मोटरी चालू असल्या की व्होल्टेज पडते.

माजी_गुरुजी

दिवसा कोणाला वेळ आहे? कापूस वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाही, घरचे सगळे वावरात. सायंकाळी सहा हीच वेळ योग्य. अक्कांचे म्हणणे मला पटते.

तर्रीपोहा

सहाले लोक वावरातूनच येऊन राह्यले असतात गुरुजी. जनावरं बांधणं, दूध काढणं. सातच्या आत कोणी नाही येत.

झाडीकडची

शेवटी सातलाच होणार. आणि होळीनंतर नका ठेवू, टिनाखाली उन्हाळ्यात रात्री आठलाही भट्टी असते. पावसाळ्यात तर पत्र्यावर पाऊस पडला की तुमचं रॉक कोणाला ऐकू येणार?

कपाशीचं_बोंड

ठरलं तर मग, सात ते नऊ, आणि तारीख गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशीची. पोरांशी बोलणं झालं. त्यांना घरटी तिकीट आवडलं, चार माणसांचे दीडशे असं ठेवणार आहेत. गाणं एकच नवीन होईल म्हणाले, हरभऱ्याची सोंगणी मधे आहे. राहिलं पोरींच्या परतीचं. देवळीपर्यंत काळीपिवळीवाला एक जण तयार आहे, नऊला दाराशी उभा राहील, पण त्याला रिकामं यायचं-जायचं डिझेल हवं.

अक्का_हिंगणघाट

डिझेल मी देणार नाही आणि पोरीही देणार नाहीत. तिकिटातून घ्या. आणि गाडीत पुढं बायकांपैकीच कोणीतरी बसेल.

कपाशीचं_बोंड

तिकिटातून घेतो. किती सीट धरायच्या तेवढं पुतणीला विचारून कळवा अक्का, त्याला उद्या सांगायचंय.